गरम पाण्यात साखर किती लवकर विरघळते? नीट मोजायचं कसं

गरम पाण्यात साखर लवकर विरघळते हे कुणाला सांगावं लागत नाही. पण किती लवकर, हे मोजायला बसलं की बहुतेक जण भलतंच काहीतरी मोजतात.

सारखे चार ग्लास, प्रत्येकात 300 मिली पाणी. तापमान 10, 25, 40 आणि 55 अंश सेल्सिअस. गरम पाण्याचा ग्लास आधी त्याच पाण्याने विसळून घ्या, नाहीतर थंड काच सुरुवातीलाच काही अंश खाते.

आता खरी अडचण. साखरेचा क्यूब टाका, तो नाहीसा झाला की घड्याळ थांबवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो मानू नका. क्यूब म्हणजे एकमेकांना चिकटवलेले दाणे. पाणी आत शिरलं की तो ढासळतो, आणि ढासळणं म्हणजे विरघळणं नव्हे. तळाशी दाण्यांचा ढीग तसाच पडलेला असतो. त्या ढिगाभोवती दाट पाक साचतो, ताजं पाणी दाण्यांपर्यंत पोचत नाही आणि वेग मंदावतो. मग लोक चमचा घेतात. हाताने ढवळणं दर वेळी सारखं होत नाही, कितीही मोजून ढवळा. माझे आकडे कितीतरी दिवस जुळत नव्हते, कारण गरम ग्लास मी नकळत जास्त जोराने ढवळत होते. मी तापमान नव्हे, स्वतःचा हात मोजत होते.

यावर उपाय म्हणजे खडा टांगायचा. खडीसाखरेचे साधारण सारख्या आकाराचे, एकसंध खडे निवडा, कारण त्याच वजनाच्या चुऱ्याला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि तो लवकर विरघळतो. खड्याचं वजन करा, दोऱ्याने बांधून पाण्याच्या वरच्या भागात लटकवा. ग्लास उजेडासमोर धरला तर खड्याखालून धुरासारख्या रेघा उतरताना दिसतात. तो जड पाक आहे. तो आपोआप खाली जातो आणि त्याच्या जागी ताजं पाणी येतं. ढवळायची गरजच उरत नाही.

खडा संपेपर्यंत थांबूही नका. तो लहान होतो तसा पृष्ठभाग घटतो आणि हिशेब बिघडतो. बरोबर 3 मिनिटांनी बाहेर काढा, टिपून घ्या, पूर्ण वाळू द्या, मग वजन करा. काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा. जितकी घट, तितकी साखर विरघळली. तापमान सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा लिहा. 55 अंशांचं पाणी 55 वर राहत नाही, म्हणून आलेखात सरासरी मांडा.

प्रत्येक तापमानाला तीनदा करा.

वेग वाढतो कारण गरम पाण्यातले रेणू जास्त जोराने हलतात, आणि पाणी पातळही होतं: 20 अंशांवरून 50 वर गेलं की त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, जवळपास निम्मी होते. सुटलेली साखर खड्यापासून लवकर दूर जाते.

मात्र वेग आणि मावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत मला अजिबात खपत नाही. 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 36 ग्रॅम मीठ मावतं आणि 100 अंशांना जेमतेम 39. साखर मात्र 20 अंशांना सुमारे 200 ग्रॅम मावते आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे मीठ फारसं जास्त मावत नाही, तरी गरम पाण्यात विरघळतं लवकरच. पटत नसेल तर पुढची फेरी मिठाच्या खड्यांची करून बघा.