वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर, पाणी मराठवाड्यात: या चुका टाळा

बंगालच्या उपसागरात वादळ उठलं की आपल्याकडे लोक टीव्हीवर काकीनाडा-विशाखापट्टणमच्या लाटा बघतात आणि चॅनेल बदलतात. नांदेड-लातूरहून तो किनारा सहा-सातशे किलोमीटर लांब, तेव्हा आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत येतो. २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. २८ तारखेला मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेले होते आणि नदीकाठची गावं पाण्याने वेढली होती.

सकाळची बातमी रात्रीपर्यंत धरून बसणं

वादळाचं इंधन म्हणजे समुद्राचं गरम पाणी. पृष्ठभाग साधारण २६.५ अंशांच्या वर असला आणि वरच्या थरातले वारे वादळाला फाडणारे नसले, तर ते किनाऱ्याला टेकेपर्यंत वाढत राहू शकतं. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वाढला, तर हवामानशास्त्रात ती ‘झपाट्याने तीव्र होण्याची’ घटना मानतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मेक्सिकोच्या अकापुल्को शहरावर आलेलं ‘ओटिस’ असंच एका दिवसात साध्या वादळाचं सर्वोच्च श्रेणीचं झालं. वादळ कुठे जाणार हे सांगण्यापेक्षा ते किती वाढणार हे सांगणं आजही अवघड आहे. म्हणून बातमीपत्रावरची वेळ आधी बघा. चक्रीवादळ झाल्यावर हवामान खातं दर तीन तासांनी नवं बातमीपत्र काढतं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा कालचा नकाशा कामाचा नाही.

किनाऱ्यावरची ही वाढ आपल्यालाही लागू पडते. जितकं जोरदार वादळ जमिनीवर येतं, तितका त्याला विरायला वेळ लागतो आणि तितकं ते आत घुसतं.

‘कमकुवत झालं’ ऐकून निर्धास्त होणं

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं. वादळाची श्रेणी वाऱ्यावरून ठरते, पावसावरून नाही. ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे वारा गेला की चक्रीवादळ, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन, ३१ ते ४९ असेल तर डिप्रेशन. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते, डोंगर-झाडांशी घर्षण होतं, वारा पडतो आणि श्रेणी भराभर उतरते. पण समुद्रातून उचललेली वाफ कुठे जात नाही. ती ढगांत असते आणि वाटेत रिकामी होत जाते. त्यात ते रेंगाळलं तर एकाच शिवारावर रात्रभर कोसळतं. ‘गुलाब’ मराठवाड्याजवळ पोचलं तेव्हा कागदावर ते चक्रीवादळ राहिलंच नव्हतं. तरी नद्या फुगल्या, आणि त्याच्याच उरलेल्या अवशेषाने अरबी समुद्र गाठल्यावर पुन्हा उचल खाऊन ‘शाहीन’ नावाने ३ ऑक्टोबरला ओमान गाठलं.

म्हणून वाऱ्याच्या आकड्याऐवजी आपल्या जिल्ह्याचा पावसाचा इशारा बघा. चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरच्या पुढे ‘अति जोरदार’, २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. काळ्या मातीच्या शेताला पहिला आकडासुद्धा पुरेसा आहे.

नावाची वाट बघणं

नाव फक्त चक्रीवादळाला मिळतं. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाडाजवळ आलेल्या डीप डिप्रेशनला नाव नव्हतं. त्याने हैदराबाद बुडवलं आणि लगेच उस्मानाबाद-लातूर-सोलापूर पट्ट्यात काढून ठेवलेलं सोयाबीन वाहून नेलं.

नकाशावरच्या रेघेकडेच बघणं

नकाशावरची रेघ वादळाच्या केंद्राची असते, तिच्याभोवतीचा शंकू केंद्र इकडेतिकडे सरकण्याची शक्यता दाखवतो. पाऊस त्या शंकूच्या बाहेरही शेकडो किलोमीटर पडतो. पावसाळ्यात पश्चिमेकडे सरकणाऱ्या डिप्रेशनचा सर्वात जोरदार पाऊस बहुधा केंद्राच्या नैर्ऋत्येला असतो. म्हणजे रेघ विदर्भावरून गेलेली दिसली, तर ‘वाचलो’ म्हणू नका. त्याच्या नैर्ऋत्येला आपणच आहोत.

मधला एक दिवस वाया घालवणं

किनाऱ्यावर धडकण्याच्या किमान बारा तास आधी हवामान खातं आतल्या जिल्ह्यांसाठी वेगळा इशारा काढतं, ‘पोस्ट लँडफॉल आउटलुक’ नावाचा. टीव्हीवर त्याचा उल्लेख क्वचित येतो, पण आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा तोच. शिवाय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. धडक आणि आपला पाऊस यांत साधारण एक ते दीड दिवस मिळतो, तो असा वापरा.

सोयाबीन पिकलंय म्हणून घाईने कापून शेतात पसरून ठेवू नका. दिवसभरात मळणी होणार नसेल तर उभं राहू द्या. उभ्या पिकाचं पाणी निथळतं, आडव्याला चिखलात कोंब फुटतात. कापलेलं असेल तर गंजी नाल्याकाठून उचलून उंचवट्यावर न्या, भोवती चर काढा. ताडपत्री वरून घट्ट बांधा, पण पाऊस थांबला की लगेच सोडा, कारण ओला माल बंद ताडपत्रीत तापतो आणि बुरशी धरतो. फुटलेला कापूस वेचून घ्या. तुरीत पाणी तुंबणार असेल तर पावसाआधीच बांध फोडून वाट करा.

नदीवरची मोटार उजेडातच काढा. पूर चढताना रात्री ती काढायला गेलेली माणसं जातात, आणि पंपाची किंमत जिवापुढे काहीच नाही. नदीकाठच्या गोठ्यातली जनावरं दावणीला बांधून ठेवू नका, आधीच वर न्या. विजा कडाडत असताना झाडाखाली थांबू नका. ‘दामिनी’ अॅप जवळच्या विजेचा इशारा देतं. पाणी वाहत असलेला पूल ओलांडू नका. तुमच्या गावात ऊन असलं तरी वरच्या खोऱ्यात पडलेलं पाणी काही तासांनी येतं.

नुकसान झालंच तर पंचनाम्याआधी शेत साफ करू नका. तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढून ठेवा, आणि तलाठी व कृषी सहायकाला लगेच कळवा. भरपाईसाठीची अतिवृष्टी महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून ठरते, ६५ मिलिमीटर ही तिची रेघ. मंडळाच्या ठिकाणी पाऊस कमी पडला आणि तुमच्या शिवारात जास्त, तर ते अर्जात स्वतंत्र लिहा.