खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी आकार बघून निवडा

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की घरात असतील ती अंडी टोपलीत जातात. थोडं मोजमाप करा. दोन जाड पुस्तकं समोरासमोर उभी करून त्यात अंडं अलगद धरा आणि मधलं अंतर पट्टीनं मोजा. आधी लांबी, मग रुंदी. रुंदीला लांबीनं भागा, शंभरनं गुणा. गावठी अंडं ५२ मिमी लांब, ३९ मिमी रुंद असेल तर ७५ येईल. ७२ ते ७६ म्हणजे उबवायला योग्य आकाराचं अंडं. ५६ बाय ३७ चं लांबट अंडं ६६ च भरतं, ते खायला ठेवा.

आकार ठरवतं ते कवच नव्हे, त्याच्या आतला पापुद्रा. बलकावर पांढरं चढायला सुमारे ३ तास लागतात, पापुद्रे तासाभरात होतात, चुन्याचं कवच त्यांच्यावर पुढचे २० तास चढत राहतं. खात्री करायची तर अंडं व्हिनेगरमध्ये बुडवा, दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. दोन दिवसांत कवच विरघळतं. अंडं फुगून थोडं गोलावतं, पण पापुद्रा त्याला फुटू देत नाही. सुरकुतलेली किंवा वेडीवाकडी अंडी वारंवार येऊ लागली तर आजाराची शंका धरून पशुवैद्यकाला दाखवा.

रानात वेगळंच. पिंगळ्याची अंडी जवळजवळ गोल. टिटवी उघड्या ढेकळांत चार अंडी घालते, टोकं आत करून. त्यामुळे ती चारही तिच्या पोटाखाली नीट मावतात. २०१७ मध्ये सुमारे १,४०० जातींची अंडी तपासली गेली, तेव्हा चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यांची अंडी जास्त लांबट किंवा टोकदार दिसली. टिटवीची अंडी मोजायला मात्र उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मनाई आहे.

बोथट टोकात हवेची पोकळी असते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. म्हणून साठवताना बोथट टोक वर. उलटं ठेवलं तर पिल्लाचं डोकं चुकीच्या टोकाला जाण्याचा धोका वाढतो. फार गोल अंड्याचं बोथट टोक कळत नाही, अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून पोकळी शोधावी लागते.

खरा घात उन्हाचा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, आणि २१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो. रुंद मडक्यात तळाशी ओली वाळू, वर कोरडं फडकं, त्यावर अंडी. मडक्यावर बाहेरून पाणी शिंपडा. अंडी धुऊ नका, वरचा संरक्षक थर जातो. हिवाळ्यात ७ दिवस चालतील, उन्हाळ्यात ३ च्या पुढे नको.

एका कोंबडीखाली १० ते १२ पुरेत. सातव्या रात्री टॉर्च लावा: लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत, अजून स्वच्छ पिवळं दिसलं तर बाहेर काढा.