एबीएची जलद पदव्युत्तर पदवी : आधी तासांचा हिशोब मांडा

उपयोजित वर्तन विश्लेषण, म्हणजेच सगळे ज्याला एबीए म्हणतात तो, वागण्यामागची कारणे शोधून ते वागणे बदलण्याचा विषय, अमेरिकेत लवकरात लवकर शिकून कामाला लागावे असे वाटणाऱ्यांनी सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. पदवी लवकर मिळू शकते. मात्र ज्या प्रमाणपत्रासाठी बहुतेक जण ही पदवी घेतात, त्या बीसीबीएला, म्हणजे वर्तन विश्लेषक म्हणून काम करण्याच्या प्रमाणपत्राला, लागणाऱ्या प्रत्यक्ष कामाच्या तासांची घाई एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. त्यामुळे अभ्यासक्रम किती महिन्यांचा आहे, यापेक्षा त्या महिन्यांत किती तास भरतील, हे आधी पाहावे.

जलद अभ्यासक्रम साधारण दोन प्रकारचे असतात. पहिल्यात पदवीच्या शेवटच्या वर्षीच मास्टर्सचे काही विषय घेता येतात आणि त्यांची क्रेडिट्स दोन्हीकडे धरली जातात. ही सोय बहुधा त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना मिळते, त्यामुळे भारतातून बी.ए. करून जाणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारात सात-आठ आठवड्यांची छोटी सत्रे उन्हाळी सुटी न घेता सलग चालतात, म्हणून नेहमीची दोन वर्षे आटोपशीर होतात. आपली पदवी तीन वर्षांची असेल, तर ती प्रवेशासाठी पुरेशी धरली जाते का, हे अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

बीसीबीए हे प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या, म्हणजे बीएसीबीच्या, २०२२ पासूनच्या नियमांनुसार फील्डवर्क, म्हणजे देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम, २००० तासांचे करावे लागते. त्यात देखरेख जास्त ठेवली, तर १५०० तास पुरतात. एका महिन्यात जास्तीत जास्त १३० तास मोजले जातात. म्हणजे दर महिन्याला आठवड्याचे तीस तास न चुकता काम केले, तरी १५०० तासांना बारा महिने आणि २००० तासांना सोळा महिने लागतात. शिवाय ठरलेल्या अभ्यासक्रमाचा पहिला वर्ग सुरू होण्याआधी केलेले तास धरले जात नाहीत. वर्षभराची पदवी घेताना पहिल्याच महिन्यात फील्डवर्कची जागा पक्की झाली नाही, तर पदवी हातात येते आणि तास मागे राहतात. मंडळाचे पात्रतेचे निकष १ जानेवारी २०२७ पासून बदलत असल्याने, अर्ज त्या तारखेनंतर करणार असाल, तर वरील आकडे ताज्या नियमपुस्तिकेशी ताडून पाहावेत.

केवळ तास भरणे पुरेसे नसते, कारण तासांचे दोन गट धरले जातात : थेट उपचाराचे आणि विश्लेषणाचे. समजा, पाच वर्षांचा एक मुलगा गणिताची वही निघाली की टेबलाखाली जाऊन बसतो. तुम्ही त्याच्याबरोबर मणी मोजत बसलात, तर तो वेळ थेट उपचाराचा, म्हणजे मर्यादित गटातला. पण तो टेबलाखाली जाण्याआधी काय घडले, तो किती वेळ तिथे राहिला आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले, याची नोंद तुम्ही आखलीत, त्या नोंदींचा आलेख काढलात, वही दूर केली जाते म्हणूनच तो तसे वागतो का हे तपासलेत आणि ‘थोडी विश्रांती हवी’ असे त्याला मागता यावे यासाठी योजना लिहिलीत, तर ते काम दुसऱ्या गटात मोडते. किमान साठ टक्के तास या दुसऱ्या गटातले लागतात, म्हणजे १५०० पैकी ९००. पुष्कळ क्लिनिक नवख्या माणसाला दिवसभर मुलांसोबतच बसवतात. म्हणून जागा स्वीकारताना विश्लेषणाचे काम आठवड्याला किती तास मिळेल, हा प्रश्न पगाराच्याही आधी विचारावा.

देखरेखीचेही गणित आहे. १५०० तासांच्या मार्गात दहा टक्के, म्हणजे १३० तासांच्या महिन्यात १३ तास, पात्र सुपरवायझरसोबत घालवावे लागतात. विद्यापीठ सुपरवायझर देत नसेल आणि क्लिनिकही देत नसेल, तर ते पैसे स्वतःच्या खिशातून जातात. महिन्याच्या फॉर्मवर पुढचा महिना संपण्याआधी सही झालीच पाहिजे. हा कंटाळवाणा नियम पाळण्यात हयगय करू नये, कारण सुपरवायझर मध्येच नोकरी बदलून गेले की जुन्या सह्या मिळवणे कठीण होते.

व्हिसाचा विचार वेगळा करावा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना पूर्णवेळ नोंदणीत एका सत्रात साधारण एकच ऑनलाइन विषय धरला जातो, त्यामुळे पूर्ण ऑनलाइन असलेले बरेचसे जलद अभ्यासक्रम आपोआप बाद होतात. क्लिनिकमधील कामासाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी लागते आणि ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते; अभ्यासक्रमातच पहिल्या सत्रापासून फील्डवर्क सक्तीचे असेल, तरच अपवाद होतो. वर्षभराच्या पदवीत सगळे घोडे इथेच अडते. नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर असलेल्यांना शिकण्यास आडकाठी नाही, पण पगारी कामासाठी वर्क परमिट हवे.

अभ्यासक्रम निवडताना बीएसीबी दरवर्षी प्रसिद्ध करते ते बीसीबीए परीक्षेचे विद्यापीठवार निकाल पाहावेत. परीक्षा चार तासांची आणि १८५ प्रश्नांची असते, त्यांपैकी १७५ प्रश्नांचेच गुण धरले जातात. नीतिशास्त्राचा विषय कसा शिकवतात, हेही विचारावे. मुलांना बळेच डोळ्यांत बघायला लावण्यासारख्या जुन्या पद्धतींवर स्वमग्न प्रौढांनी घेतलेले आक्षेप ज्या वर्गात चर्चेला येत नाहीत, तिथे मी तरी पैसे भरणार नाही.

शिकून महाराष्ट्रात परतायचे असेल, तर भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज बीएसीबी २०२३ पासून स्वीकारत नाही. म्हणून तास, अर्ज आणि परीक्षा हे सारे अमेरिकेत असतानाच उरकावे लागते. भारतात पुनर्वसन क्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या यादीत वर्तन विश्लेषक असा स्वतंत्र वर्ग नाही. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे असेल, तर त्यांची वेगळी पात्रता मिळवावी लागते.