खाजनाचा बांध आणि सुतळीचे टाके: रूपक कुठे अडलं, कसं सुटलं

गोव्यातली खाजन शेती म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली शेती. तिच्यावरच्या पोस्टरचा संदेश एका ओळीचा होता: बांध फुटला की शेत खारं होतं. पहिल्या आराखड्यात तांदळाचं पोतं आणि त्याची उसवलेली शिवण होती. पाहणाऱ्यांना नुसतं फाटकं पोतं दिसलं. खाडी कुठेच नव्हती.

रूपकातल्या दोन्ही वस्तू एकाच आकारात बसाव्या लागतात. म्हणून वरून दिसणारा वळणदार बांध घेतला आणि त्याच्याच रेषेवर सुतळीचे टाके घातले. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, आणि एकच टाका उसवलेला. मानस, म्हणजे भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारं दार, तेही आधी घातलं होतं. ते काढलं. एका चित्रात एकच रूपक पुरे.

तरीही टाके वरून चिकटवल्यासारखे वाटत होते. बांधावर ऊन डावीकडून, सुतळीवर उजवीकडून! चित्राच्या फाइलीतला सुतळीचा थर (लेअर) आडवा उलटवला, म्हणजे डावं-उजवं बदललं. त्याखाली सावलीचा वेगळा थर: मल्टिप्लाय मोड (खालचे रंग गडद करणारा), ४० टक्के ओपॅसिटी (अपारदर्शकता), ६ पिक्सेल ब्लर (धूसरपणा), रंग काळा नव्हे, गडद तपकिरी. खरा फरक पडला तो लेअर मास्कने, म्हणजे थराचा हवा तेवढा भाग लपवणाऱ्या पडद्याने. टाक्याची दोन्ही टोकं मऊ ब्रशने मातीत गाडली, तेव्हा कुठे बांध शिवलेला दिसू लागला.

पोस्टरचा आकार १०८० × १३५० पिक्सेल. १५० पिक्सेल रुंदीला लहान करून पाहिलं तर उसवलेला टाका दिसेना, म्हणून तो दुप्पट मोठा केला. लाल अक्षरांच्या कडा जेपीजी प्रकारच्या चित्रफाइलीत फुटतात, कारण त्यात रंगाचे तपशील उजेडापेक्षा कमी साठवले जातात. अक्षरं पांढरी ठेवली.