पहिली ईपी काढताय? मग ही तयारी आधी उरका

ईपी म्हणजे अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड. गाणी चारच घ्या. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने 'स्पायरल स्क्रॅच' ही पहिली ईपी २८ डिसेंबर १९७६ रोजी एका दिवसात रेकॉर्ड केली आणि २९ जानेवारी १९७७ ला स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स लेबलवर काढली. गाणी चार, पहिल्या प्रती १,०००, भांडवल उसने ५०० पौंड. इतकं झटपट उरकायचं तर गाणी जॅमरूममध्येच मुरलेली हवीत. स्टुडिओचं मीटर चालू असताना ब्रिज (गाण्याचे भाग जोडणारा तुकडा) कुठे घ्यायचा यावर वाद घालणं परवडत नाही.

पट्टी आधीच ठरवा. स्टेजवर ओरडून निभतं, माइकसमोर नाही. मेलडिक पंकमध्ये, म्हणजे चालीवर भर देणाऱ्या पंकमध्ये, चाल ऐकू आली नाही तर उरतो तो नुसता गोंगाट. गायकाचा कोरस वर ताणला जात असेल तर सगळ्यांनी अर्धा स्वर खाली ट्यून करा. यात कमीपणा काही नाही.

गिटारला नव्या तारा आदल्या दिवशी चढवा, म्हणजे ताणून बसतील. मग बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुराशी) ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा दिसला तर गिटारच्या ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) नेकपासून मागे घ्या. हे राहिलं तर खालचे कॉर्ड सुरात आणि वरचे बेसूर, आणि तीच गिटार दुहेरी ट्रॅक केली (तोच भाग दोनदा वाजवून एकावर एक ठेवला) की चिखल. ड्रमरने क्लिकवर (हेडफोनमधल्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) सराव केलेला असावा. जमतच नसेल तर क्लिक सोडा, पण ते त्या दिवशी ठरवू नका.

आता कंटाळवाणं, पण टाळू नये असं काम. चाल कोणाची, शब्द कोणाचे, वाटा किती, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. 'स्पायरल स्क्रॅच' बाहेर पडते न पडते तोच गायक हॉवर्ड डिव्होटो बँड सोडून गेला. तुमच्यातलाही कोणी परदेशी शिकायला जाईलच. चाली-शब्द लिहिणाऱ्यांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. प्रत्येक ट्रॅकचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, बहुतेक डिस्ट्रिब्युटर (गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅप्सवर पोचवणाऱ्या कंपन्या) देतात. तो जपून ठेवा.

मास्टरच्या वेव्ह फाइल्स, बिनगायनाचे मिक्स आणि चौकोनी कव्हर (३००० बाय ३००० पिक्सेल चालतं) ईपी निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी डिस्ट्रिब्युटरकडे चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं किमान ७ दिवस आधी सुचवावं लागतं, तेही एकच. कोणतं, यावर भांडण होणार. आत्ताच करून घ्या.

लाँचच्या गिगला जादा केबल, तारा, पेडलच्या बॅटऱ्या, गॅफर टेप घ्या. जागा उघड्यावर असेल तर रात्री १० ला स्पीकर बंद होतात, म्हणून ईपीची चारही गाणी सेटच्या सुरुवातीलाच वाजवा.