चेंबरमध्ये अडकणारी टरफले : माझा अनुभव

माझ्या १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) दुनळी बंदुकीतून झाडलेल्या काडतुसांची टरफले सहज निघेनाशी झाली, तेव्हा मला आधी टरफले बाहेर ढकलणाऱ्या स्प्रिंगचा संशय आला. खरे कारण मात्र चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या काडतूस बसते त्या मागच्या भागात, साचलेला प्लॅस्टिकचा आणि जळक्या दारूचा थर हे होते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मी बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री केली, मग नळ्या सुट्या करून चेंबरला द्रावक लावले आणि काही वेळाने कांस्य तारांच्या ब्रशने, फडके स्वच्छ निघेपर्यंत, घासले. त्यानंतर तेलाचा पातळ हात पुरेसा होतो.

२० बोअरची काडतुसे मात्र जवळ ठेवूच नयेत, कारण आकडा मोठा असला तरी असे काडतूस १२ बोअरच्या काडतुसापेक्षा बारीक असते; ते १२ बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि त्यामागे दुसरे भरून झाडल्यास नळी फुटू शकते.