सांता क्लारा काउंटीत पोलिसांचे आणि कोर्टाचे कागद कसे मागावेत

कोथरूडहून मावशीचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते. "अगं, मुलगा सनीवेलला असतो. पहिलं लग्न मोडलंय, रीतसर घटस्फोट झालाय असं ते लोक सांगतात. खरंच झालाय का, हे तिथे कुठे बघायला मिळतं का गं?"

मिळतं. त्यासाठी ओळख लागत नाही, वकील लागत नाही आणि "तुम्ही कोण, तुम्हाला कशाला हवंय" असं कुणी विचारतही नाही. फक्त कोणता कागद कुठे असतो हे ठाऊक पाहिजे. त्याच माहितीअभावी माणसं महिनाभर भलत्याच खिडक्यांसमोर उभी राहतात. मी स्वतः एका अपघाताच्या रिपोर्टसाठी दोन ऑफिसांतून परत आले आहे. दोन्हीकडे उत्तर एकच होतं, "तो आमच्याकडे नाही." मग कोणाकडे आहे, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

हा लेख कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीबद्दल आहे. सॅन होजे, सनीवेल, क्युपर्टिनो, सांता क्लारा, माउंटन व्ह्यू अशी पंधरा शहरं या काउंटीत येतात आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मराठी घरं आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. कायदे राज्याचे असल्यामुळे शेजारच्या काउंट्यांतही बरंचसं असंच चालतं.

सगळ्यात आधी एक फरक पक्का करून घ्या. कोर्टाचा कागद मुळात सगळ्यांसाठी उघडा असतो, काही अपवाद झाकलेले. पोलिसांच्या तपासाचा कागद मुळात झाकलेला असतो, काही भाग उघडे. दोन्हीकडे एकाच अपेक्षेने गेलात तर एकीकडे नक्की निराशा होते.

पायरी 1: कागद लिहिला कोणी, ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे "पोलीस स्टेशनला जा" म्हटलं की भागतं. इथे प्रत्येक खात्याचं दप्तर वेगळं आणि एकाचे कागद दुसऱ्याला दिसतीलच असं नाही.

अपघात 101 किंवा 280 अशा फ्रीवेवर झाला असेल तर रिपोर्ट कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलचा, म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांचा. तोच अपघात फ्रीवेवरून उतरल्यावर सनीवेलमध्ये एल कमिनोवर झाला, तर तो सनीवेलच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडे. तिथे पोलीस आणि अग्निशमन हे एकच खातं आहे, त्यामुळे "सनीवेल पोलीस" असं शोधणारा माणूस गोंधळतो. क्युपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स या शहरांना स्वतःचे पोलीसच नाहीत. त्यांचं काम शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, करतो, कागदही त्याच्याकडे. मॉन्टे सेरेनोचं काम लॉस गॅटोसचे पोलीस पाहतात. कॅलट्रेन या इथल्या लोकल गाडीत काही घडलं तर शेजारच्या सॅन मटेओ काउंटीच्या शेरीफकडे जावं लागतं.

घटनास्थळी आलेल्या अधिकाऱ्याने हातात एखादी चिठ्ठी किंवा कार्ड दिलं असेल तर ते जपून ठेवा. त्यावर खात्याचं नाव आणि रिपोर्ट नंबर असतो, आणि पुढचं सगळं काम त्या नंबरावर चालतं. नसेल तर तारीख, अंदाजे वेळ आणि जवळचा चौक लिहून काढा. गाडीचा नंबरही उपयोगी पडतो.

पायरी 2: पोलिसांकडे काय मागता येतं

अपघाताचा रिपोर्ट सर्वांसाठी नसतो. ज्यांचा संबंध आहे, म्हणजे चालक, जखमी, गाडीचा मालक, विमा कंपनी आणि यांचे वकील, त्यांना तो मिळतो. हायवे पेट्रोलसाठी सीएचपी 190 नावाचा अर्ज भरून त्यांच्या स्थानिक ऑफिसला द्यायचा किंवा टपालाने पाठवायचा. फोटो ओळखपत्र लागतं आणि पानांच्या संख्येप्रमाणे फी. शहरांच्या पोलिसांचे अर्ज त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर सापडतात.

घरी चोरी झाली, गाडीची काच फोडून लॅपटॉप नेला, असं असेल तर तुम्ही त्या प्रकरणातले पीडित आहात. अशा व्यक्तीला आणि तिच्या विमा कंपनीला घटनेची माहिती, साक्षीदारांची नावं, जबाब असे तपशील द्यावेत असं कायदा सांगतो. तपास धोक्यात येत असेल तेवढा भाग ते झाकतात.

घरगुती हिंसाचाराबद्दल वेगळं आणि ठळक सांगायला हवं, कारण परदेशात एकट्या पडलेल्या मुलींना हे कुणी सांगत नाही. कॅलिफोर्नियाच्या फॅमिली कोडच्या कलम 6228 प्रमाणे पीडित व्यक्तीला पोलिसांच्या रिपोर्टची प्रत विनामूल्य मिळते. रिपोर्टचं पहिलं पान मागणी केल्यापासून 48 तासांत आणि पूर्ण रिपोर्ट कामाच्या 5 दिवसांत. सबळ कारण असेल तर अनुक्रमे 5 आणि 10 कामाचे दिवस. लैंगिक अत्याचार, पाठलाग, मानवी तस्करी आणि वृद्धांचा छळ या प्रकरणांनाही हेच लागू आहे. खिडकीवर पैसे मागितले किंवा "महिन्याने या" म्हटलं, तर कलमाचा नंबर लिहून दाखवा.

आणि ज्याचा प्रकरणाशी काहीच संबंध नाही अशा माणसाला? त्याला तपासाची फाइल मिळत नाही. पण कोणाला, कधी, कुठे, कोणत्या आरोपाखाली अटक झाली, जामीन किती, ही माहिती मागता येते. एखाद्या पत्त्यावरून आलेल्या तक्रारीची वेळ, जागा आणि थोडक्यात स्वरूपही मिळतं. पोलिसांनी गोळीबार केला किंवा गंभीर इजा केली, तर त्या घटनेचं चित्रण साधारण 45 दिवसांत देणं 2019 पासून बंधनकारक आहे. तपासात मोठा अडथळा येत असेल तरच ते लांबतं.

तुमच्यावरच खटला चालू असेल तर या वाटेने जाऊ नका. ते कागद तुमच्या बचावाच्या वकिलाला सरकारी पक्षाकडून मिळतात.

पायरी 3: अर्ज लिहा

या सगळ्याचा आधार कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. हा कायदा 1968 चा. 2004 मध्ये लोकांनी मतदान करून माहितीचा हक्क राज्याच्या घटनेतच घातला, आणि 1 जानेवारी 2023 पासून कायद्याच्या कलमांना नवे क्रमांक मिळाले. जुने लेख वाचून कलम 6250 लिहू नका, आता ते गव्हर्नमेंट कोडच्या 7920.000 पासून सुरू होतं.

आपल्या 2005 च्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना हा अर्ज ओळखीचा वाटेल. इथे दहा रुपयांचा स्टॅम्पही लावायचा नाही. तोंडी मागितलं तरी चालतं, पण मी म्हणेन लेखीच द्या. तारीख राहते.

अर्ज इंग्रजीत, साधा, पानभराच्या आत. वरती पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली मागणी आहे असं स्पष्ट लिहा. मग नेमका कागद: "माझ्या गल्लीत वाढलेल्या चोऱ्यांबद्दलची सर्व माहिती" असं नको. "अमुक रस्त्याच्या अमुक भागात 1 जानेवारी ते 31 मार्च या काळात नोंदलेल्या घरफोडीच्या तक्रारींची तारीख, वेळ आणि स्वरूप" असं हवं. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालेल असं लिहा, खर्च वाचतो. अमुक डॉलरच्या वर खर्च जात असेल तर आधी कळवा, हेही एका ओळीत घाला. कारण देऊ नका. विचारलं तरी ते तुमच्यावर बंधनकारक नाही. अटक झालेल्या किंवा पीडित व्यक्तीचा सध्याचा पत्ता हवा असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. तो ठरावीक कामांसाठीच आणि प्रतिज्ञेवरच मिळतो.

911 या आणीबाणीच्या नंबरवर केलेल्या कॉलचं ध्वनिमुद्रण हवं असेल तर एक दिवसही थांबू नका. नेहमीची ध्वनिमुद्रणं 100 दिवसांनंतर पुसून टाकायची मुभा शहरांना आणि काउंटीला आहे. पहिल्या आठवड्यातच "हे मुद्रण राखून ठेवा" असं लेखी कळवा, अर्जाचं पुढे बघता येईल.

अर्ज मिळाल्यापासून 10 दिवसांत खात्याने कळवायचं असतं की कागद देणार की नाही. अडचण असेल तर आणखी 14 दिवस वाढवता येतात. हे 10 दिवस फक्त उत्तरासाठी असतात, कागद हातात पडायला त्याहून जास्त लागू शकतात. पैसे फक्त प्रत काढण्याच्या खर्चाचे. इथून जवळच असलेल्या हेवर्ड शहराने पोलिसांच्या कॅमेऱ्यातल्या चित्रणाचा गोपनीय भाग कापण्याच्या कामासाठी एका वकील संघटनेकडून 3,000 डॉलरहून जास्त घेतले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये निकाल दिला की असा खर्च मागणाऱ्यावर टाकता येत नाही. मोठं बिल आलं तर हा निकाल आठवा.

नकार आला तर? लेखी अर्जाला लेखीच नकार हवा, त्यात कायद्याचं कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा असला पाहिजे. इथे पहिलं अपील नाही, माहिती आयुक्तही नाही. शेवटची वाट थेट सुपिरिअर कोर्टाची, म्हणजे काउंटीच्या कोर्टाची. तिथे तुम्ही जिंकलात तर तुमच्या वकिलाची फी त्या खात्याला भरावी लागते, म्हणून शहराच्या किंवा काउंटीच्या वकिलाला पाठवलेलं एक शांत, मुद्देसूद पत्रही पुष्कळदा पुरतं.

पायरी 4: कोर्टाची नक्कल

आता मावशीचं काम. कोर्टाला वर सांगितलेला कायदा लागूच होत नाही, त्यामुळे तो अर्ज कोर्टात देऊ नका. कोर्टाचे स्वतःचे नियम आहेत आणि ते मागणाऱ्याला जास्त सोयीचे आहेत. केसमधले कागद खुले, हेच तिथलं मूळ गृहीतक. बालगुन्हेगारी, दत्तक, मानसिक आरोग्य आणि न्यायाधीशांनी सील केलेली प्रकरणं बंद. घर रिकामं करून घेण्याच्या केस पहिले 60 दिवस झाकलेल्या असतात, आणि त्या काळात मालक जिंकला तरच पुढे खुल्या होतात.

सांता क्लारा काउंटीच्या सुपिरिअर कोर्टाचं ऑनलाइन पोर्टल आहे. केस नंबर असेल तर काम सोपं. नावाने शोधताना आपल्या लोकांची खास अडचण येते. पासपोर्टवर पहिल्या नावातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, आणि मग एकच माणूस कुठे तीन नावांनी, कुठे दोन, कुठे आडनाव आधी असा नोंदलेला सापडतो. जोशी, पाटील, कुलकर्णी शोधाल तर यादीच येते. जन्मतारखेने फौजदारी केस गाळून घेण्याची सोय नाही. रिव्हरसाइड काउंटीच्या एका खटल्यात 2021 मध्ये अपील कोर्टाने तशी सोय नियमाविरुद्ध ठरवली. म्हणून नावाची सगळी रूपं एकेक करून तपासा आणि नावावरून कोणाबद्दलही निष्कर्ष काढण्याआधी प्रत्यक्ष फाइल बघा. अटकेची नोंद असली तरी शिक्षा झालेलीच असते असं नाही. मुलांसाठी नॅनी ठेवण्याआधी लोक असा शोध घेतात. त्यापेक्षा मुलं सांभाळणाऱ्यांची ट्रस्टलाइन नावाची राज्याची नोंदणी पाहा, ती बोटांच्या ठशांवर तपासलेली असते.

कौटुंबिक आणि फौजदारी केसमधले कागद तिऱ्हाइताला घरबसल्या उघडता येत नाहीत, राज्याच्या नियमानेच ते थांबवलेलं आहे. त्यासाठी सॅन होजेला कोर्टातल्या क्लार्कच्या खिडकीवर जावं लागतं. घटस्फोटासाठी एफएल-180 नावाचा फॉर्म मागा. हाच निकाल. केस दाखल झाली म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. दुसऱ्या बाजूला कागद पोचल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात, आणि लग्न कायद्याने संपल्याची तारीख या फॉर्मवर स्पष्ट लिहिलेली असते. मावशीला मी तीच तारीख वाचून दाखवली.

साध्या प्रतीला पानामागे 50 सेंट. सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल 40 डॉलर, पण घटस्फोटाच्या निकालाची 15 डॉलर. शोधायला क्लार्कला दहा मिनिटांहून जास्त लागली तर वेगळे 15 डॉलर, म्हणून केस नंबर घेऊनच जा.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी जुन्या फौजदारी केसचा शेवट दाखवायचा असेल तर प्रमाणित नक्कलच घ्या. केस रद्द झाली असली, सील झाली असली, तरी इमिग्रेशन खातं विचारतं. कोर्टाने जुनी फाइल नष्ट केली असेल तर तसं प्रमाणपत्र मागा. आपल्याच नावावर राज्याकडे काय नोंद आहे हे बघायचं असेल तर बोटांचे ठसे देऊन न्याय विभागाकडून उतारा मिळतो. त्याची फी 25 डॉलर, ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे. हा उतारा दुसऱ्या कोणाला मिळत नाही. केस फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातली असेल, उदाहरणार्थ दिवाळखोरी किंवा पेटंट, तर ती काउंटीच्या कोर्टात नसतेच. ती फेडरल कोर्टांच्या पेसर या संकेतस्थळावर पानामागे 10 सेंटला मिळते आणि तिमाहीत 30 डॉलरपर्यंतचं बिल माफ असतं.

घटस्फोटाचा निकाल पुण्यात किंवा पणजीत दाखवायचा असेल तर साधी प्रत चालणार नाही. प्रमाणित नक्कल घ्या आणि ती कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे ॲपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, पाठवा, कागदामागे 20 डॉलर. भारत 2005 पासून ॲपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. नक्कल ताजी घ्या, सही वाचता येईल अशी, आणि स्टेपल काढू नका. सुटी झालेली पानं परत येऊ शकतात.

भारतातून टपालाने मागवणार असाल तर केस नंबर, दोन्ही पक्षांची पूर्ण नावं आणि कोणता कागद हवा ते लिहा. पैसे अमेरिकन बँकेच्या चेकने किंवा मनी ऑर्डरने द्यावे लागतात, त्यामुळे हे काम इथल्या एखाद्या नातेवाइकाकडून करून घेणंच सोपं पडतं.